शेजारच्या गावची बाग आणि पन्नास डॉलर

चहाबाज | शनिवार, रात्री ९.४०

आई-बाबा जूनमध्ये आलेत. आज हवा छान होती, म्हटलं समुद्र दाखवू. आमच्या शहराची किनाऱ्यावरची बाग त्यांना आता पाठ झालीय, म्हणून शेजारच्या गावातली मोठी बाग गाठायचं ठरवलं. गर्द झाडी, खाडी, चालायला सपाट रस्ता. घरापासून गाडीने बारा मिनिटं. (अमेरिकेत कनेक्टिकट राज्याच्या किनारपट्टीवर राहतो. गावाचं नाव लिहीत नाही, तिथले दोन सभासद या फोरमवर आहेत.)

फाटकाशी लाकडी टपरी. आत कॉलेजात जाणारी मुलगी, एक टेबलफॅन आणि क्लिपबोर्ड. तिने आधी काचेवर गावच्या रहिवाशाचा स्टिकर शोधला. तो नाही म्हटल्यावर लायसन्स मागितलं, पत्ता वाचला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, नॉन-रेसिडेंट, पन्नास डॉलर. गाडीमागे. तास थांबा नाहीतर दिवसभर थांबा.

बाबांनी मागून विचारलं, किती म्हणाली? सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला (दर खेपेला पहिले तीन आठवडे हा गुणाकार चालतो) आणि म्हणाले, "चार हजारांच्या वर? आत वाघ आहे का?"

मागे सहा गाड्या खोळंबलेल्या. यू-टर्न कुठे घ्यायचा तेही त्या मुलीनेच हाताने दाखवलं, म्हणजे आमच्यासारखे रोज येत असणार.

प्रश्न पैशांचा नाही. बरं, थोडा आहे. पण बाग सार्वजनिक असेल तर एका रस्त्याच्या अलीकडे राहतो एवढ्यावर मी परका कसा? त्या गावची मंडळी आमच्या शहरातल्या लायब्ररीत येतात, आमच्या रस्त्यांवरून ऑफिसला जातात. त्यांना कोणी पत्ता विचारत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टिवल्याबावल्या | शनिवार, रात्री ९.५२

बाबांना साष्टांग नमस्कार. रुमाल टाकून ठेवतो.

खडीसाखर | शनिवार, रात्री १०.१५

मी अशाच एका 'पन्नास डॉलर'वाल्या गावात राहते, तेव्हा दुसरी बाजू मांडते. आधीच सांगते, चिडून लिहीत नाहीये.

बाग सार्वजनिक म्हणजे नेमकी कुणाची, तिथेच सगळी गोम आहे. कनेक्टिकटमध्ये काउंटी नुसती नकाशावर उरलीय, काउंटीचं सरकार १९६० मध्येच बंद झालं. मधे जिल्हा परिषदेसारखं काहीही नाही. एक तर राज्य, नाहीतर टाउन. अशी टाउनं १६९, प्रत्येकाची शाळा वेगळी, कचरा वेगळा, बाग वेगळी. आणि टाउनचं मुख्य उत्पन्न म्हणजे प्रॉपर्टी टॅक्स. घरावर तर आहेच, गाडीवरचा वार्षिक करही इथे टाउनलाच जातो. त्या बागेतलं गवत कापणं, जीवरक्षक, संडासांची सफाई, वादळानंतर वाहून गेलेली वाळू परत आणून टाकणं, सगळं त्यातूनच होतं. आम्हाला बाग 'फुकट' नाही. आम्ही पैसे जानेवारी आणि जुलैत भरतो, तुम्ही फाटकावर भरता, एवढाच फरक.

आणि हंस. कॅनडा गीज नावाचे ते जे काही पक्षी आहेत, त्यांची घाण रोज सकाळी हिरवळीवरून कुणीतरी उचलतं. त्या माणसाचा पगारही त्यातलाच.

चहाबाज | शनिवार, रात्री १०.३१

खडीसाखर, पटलं, पण अर्धंच. मी आलो म्हणून गवत जास्त वाढत नाही. जीवरक्षक तेवढेच लागतात. आमच्या चौघांमुळे त्या गावाचा जास्तीचा खर्च किती? फार तर दोन डॉलर. मग पन्नास कशाचे?

आणि त्या गावात भाड्याने राहणाऱ्याचं काय? तो कुठे घराचा टॅक्स भरतो?

खडीसाखर | शनिवार, रात्री १०.४४

भाडेकरूलाही स्टिकर मिळतो. भाडेकरार आणि विजेचं बिल दाखवायचं. घरमालक टॅक्स भाड्यातूनच वसूल करतो की.

जास्तीच्या खर्चाबद्दल : तुझ्या चौघांचे दोन डॉलर, मान्य. पण चार जुलैला अकरा वाजता पार्किंग भरतं. त्यानंतर आलेल्या गावच्या माणसाला परत जावं लागतं, आणि तो टाउन मीटिंगला येऊन ओरडतो. बाहेरचा माणूस टाउन मीटिंगला येत नाही, त्याला तिथे मतही नाही. आता तूच सांग, बागेचे दर ठरवणारी कमिटी कुणाचं ऐकेल?

अमुकतमुक | शनिवार, रात्री ११.०५

हे शेवटचं वाक्य सोन्याचं आहे. वर्षं दोन मी आमच्या टाउनच्या (न्यू जर्सी) पार्क्स कमिटीत काढलीत. प्रति माणशी खर्च किती, त्यावर दर ठरतो हे लोकांना वाटतं. आमच्याकडे तरी दर ठरवताना दोनच कागद समोर असायचे. एकावर आजूबाजूची गावं किती घेतात ते, दुसऱ्यावर मागच्या उन्हाळ्यातल्या तक्रारी.

तिकीट माणसावर न लावता गाडीवर लावतात, त्याचंही कारण आहे. बागेत जागा भरपूर असते, कमी पडते ती गाड्यांना. शिवाय माणसं मोजायला चारही बाजूंनी कुंपण घालावं लागेल. गाडीला एकच फाटक पुरतं.

पण एक सांगतो, गावांना मनाला येईल तो आकडा लावता येत नाही. १९६५ च्या कायद्याने केंद्राचा एक निधी आहे, लँड अँड वॉटर कन्झर्वेशन फंड. पैसा मुख्यतः समुद्रातल्या तेल आणि वायूच्या उत्खननाच्या रॉयल्टीतून येतो. ज्या बागेला या निधीचा पैसा लागला तिथे अट अशी, की बाहेरच्यांकडून गावच्यांच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. गावच्यांना फुकट असेल, तर आसपासच्या तशाच सार्वजनिक बागांमध्ये तिथले रहिवासी जेवढं भरतात त्याच्या वर जाता येत नाही. वार्षिक पास गावच्यांना असेल तर बाहेरच्यांनाही ठेवावा लागतो. चहाबाज, तुझ्या पन्नासच्या बागेने हा निधी घेतलेला नसणार, पैजेवर सांगतो. श्रीमंत गावं हा पैसा घ्यायलाच कचरतात. एकदा घेतला की ती जागा कायमची त्या अटींना बांधली जाते.

टिवल्याबावल्या | रविवार, सकाळी ७.२०

म्हणजे पन्नास डॉलर ही 'आम्हाला कुणाचे उपकार नकोत' याची किंमत. दिवे घ्या.

कलम_चारशेवीस | रविवार, सकाळी ८.०२

वकील नाही, पण हा विषय आवडीचा आहे, त्यामुळे लांबण लागेल.

चहाबाज, आज निदान पन्नास देऊन तुला आत जाता तरी आलं असतं. पूर्वी ग्रीनिच गावात तेही नव्हतं. ग्रीनिच पॉइंट ही तिथली किनाऱ्यावरची बाग, जवळजवळ दीडशे एकरांची. फक्त रहिवासी आणि त्यांचे पाहुणे आत, बाकीच्यांना कितीही पैसे दिले तरी बंदी. १९९० च्या दशकात ब्रेंडन लेडन नावाचा कायद्याचा विद्यार्थी शेजारच्या स्टॅमफर्डहून तिथे पळायला गेला. फाटकावर अडवला. पठ्ठ्याने गावावर दावा लावला आणि तो वर्षानुवर्षं लढवला. २००१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला.

मजा निकालात नाही, कारणात आहे. आपल्याला वाटेल, समुद्र सगळ्यांचा म्हणून जिंकला असेल. तसं झालं नाही. कोर्टाने भाषणस्वातंत्र्य धरलं. बाग ही लोकांनी जमायची, बोलायची, पत्रकं वाटायची, वाद घालायची परंपरागत जागा. अशा जागेतून सगळ्या बाहेरच्यांना सरसकट हाकलणं म्हणजे त्यांच्या बोलण्या-जमण्याच्या हक्कावर घाला. म्हणजे कायद्याच्या नजरेत बागेचा संबंध हिरवळीशी कमी आणि चावडीशी जास्त. मला हे फार आवडतं.

मग ग्रीनिचने काय केलं? फाटक उघडलं आणि तिकीट लावलं. माणशी वेगळं, गाडीचं वेगळं. वर ते तिकीट बराच काळ फाटकावर मिळतच नसे, आधी गावात टाउनच्या कार्यालयात जाऊन घ्यायचं. बाहेरून आलेल्याला हे माहीत नसणार, तो परत फिरणार. दारावर कुलूप नाही, फक्त कडी उंचावर लावलीय.

न्यू जर्सीत उलटं. १९७२ चा एव्हन-बाय-द-सी गावाचा खटला. तिथे शेजारच्या नेपच्यून सिटीच्या लोकांना किनाऱ्यावर जास्त पैसे पडत होते. तिथल्या कोर्टाने मात्र समुद्राचाच आधार घेतला. भरती-ओहोटीची जागा लोकांच्या वतीने राज्याने सांभाळायची असते, तेव्हा गावाने फी लावायची असेल तर खुशाल लावा, पण गावच्याला आणि बाहेरच्याला एकच दर. म्हणून जर्सीच्या किनाऱ्यावर जिथे बीच बॅज (किनाऱ्याचा पास) लागतो, तिथे तो गावच्या-बाहेरच्या दोघांनाही काढावा लागतो.

बेएरियाबाबा | रविवार, सकाळी ११.४८

आमच्याकडे समुद्रही लागला नाही. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोचं फूटहिल्स पार्क, साधारण चौदाशे एकर डोंगर. शहराने १९५९ मध्ये जमीन घेतली तेव्हा शेजारच्या गावांना विचारलं होतं, वर्गणी काढता का? त्यांनी नकार दिला. मग यांनी १९६५ पासून पाटी लावली, फक्त रहिवाशांसाठी. फाटकावर रेंजर, म्हणजे बागेचा रखवालदार, लायसन्स बघायचा. पालो आल्टोचा कुणी सोबत असला तरच बाहेरच्याला प्रवेश.

मी जवळच्याच सनीव्हेलला राहायचो. ऑफिसातला एक जण पालो आल्टोचा होता, त्याला घेऊन दोनदा गेलो. खरं सांगू, डोंगर बरा आहे. पण 'आपल्याला येऊ देत नाहीत' यामुळे जी चव होती ती एकदा उघडल्यावर गेली.

२०२० मध्ये नागरी हक्कांच्या संघटनांनी खटला भरला आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते सगळ्यांना खुलं झालं. गर्दी उसळली, म्हणून एका वेळी आत किती माणसं यावर मर्यादा आणि २०२१ मध्ये गाडीमागे ६ डॉलर. लोक म्हणतात सहा डॉलरने गर्दी आटोक्यात येते का? येते की. फुकट म्हटलं की माणूस सहज डोकावतो, सहा म्हटलं की विचार करतो.

खडूस | रविवार, दुपारी १२.३०

सगळे पार्किंग आणि गवतावर बोलताय, खरं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो.

'आमच्या टॅक्सची बाग' हे वाक्य फार गुळगुळीत आहे. त्या गावात राहतं कोण, हे आधी कुणी ठरवलं? एकेका एकराच्या प्लॉटवर एकेकच घर, अपार्टमेंटला परवानगी नाही, आणि त्याआधीच्या काळात तर काळ्या माणसाला घर विकायचं नाही असे लेखी करार. आधी गावात कोण येईल ते गाळून घ्यायचं आणि मग म्हणायचं बाग फक्त गावच्यांसाठी. म्हणजे पाटीवर रंगाचा उल्लेख करायची गरजच नाही.

१९७० च्या दशकात हार्टफर्डचा नेड कोल हा गोरा कार्यकर्ता गरीब वस्तीतल्या काळ्या मुलांना बसमध्ये घालून कनेक्टिकटच्या किनाऱ्यांवर न्यायचा. मुलांना फक्त पोहायचं होतं. काही गावांनी त्यांचं स्वागत कसं केलं ते शोधून वाचा, मग पन्नास डॉलरचा हिशोब मांडा.

खडीसाखर | रविवार, दुपारी १.१०

खडूस, इतिहास नाकारत नाही. पण आज आमच्या रांगेत पाठीला पाठ लावून तीन देशी घरं आहेत, एक तुझ्या मित्राचं आहे, तोही स्टिकर लावतो आणि पन्नासच्या दराला मत देतो. त्याला काय म्हणायचं?

खडूस | रविवार, दुपारी १.१४

त्याला म्हणायचं, लोकलमध्ये चढलास, आता दार अडवून उभा राहू नकोस. दादर-विरार आठवत असेल त्याला.

आजीची_गोधडी | रविवार, संध्या. ५.३५ (भारतातून, म्हणजे इकडे पहाट)

झोप येत नव्हती, सगळा धागा वाचून काढला.

आपल्याकडे हे नवीन आहे का? माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी सोडली की नगरपरिषदेची पावती फाडावी लागते, पर्यटकाला कर, गावच्याला नाही. माझं माहेर अशाच दुसऱ्या एका थंड हवेच्या गावात. लहानपणी नाक्यावरच्या त्या टेबलाशी शहरातल्या लोकांनी घातलेली हुज्जत ऐकत उभं राहणं हा आमचा उन्हाळी सुट्टीतला कार्यक्रम होता. "आम्ही काय तुमची हवा नेणार आहोत का?" असं एक काका म्हणाले होते, अजून आठवतं. नेत नव्हते, पण ठेवून बरंच जात होते. सोमवारी सकाळी पॉइंटवर कणसांची बुरकुंडं, वेफर्सची पाकिटं आणि लहान मुलांचे लंगोट. पाण्याचा टँकर मे महिन्यात आम्हाला एक दिवसाआड आणि हॉटेलांना रोज. दोन हजार वस्तीच्या गावाने वीस हजार माणसांची घाण स्वतःच्या घरपट्टीतून काढायची का? त्यामुळे मी नाक्याच्याच बाजूची.

आता गंमत. लग्नानंतर आधारवर पत्ता ठाण्याचा. मागच्या दिवाळीत माहेरी जाताना नाक्यावरच्या नवीन मुलाने पावती पुढे केली. मी म्हटलं, अरे माझा जन्म इथला. तो म्हणाला, मावशी, कार्डावर ठाणे आहे. बरोबरच होतं त्याचं. पैसे दिले. पावती पर्समध्ये अजून आहे, टाकवत नाही.

मोरावळा | रविवार, संध्या. ५.५८

गोधडीताई, पावतीचं वाचून कसंतरीच झालं.

माझं निरीक्षण असं, की आपल्याकडच्या बागा गाव विचारत नाहीत, वेळ विचारतात. बंगळूरच्या लालबागेत पहाटे फिरायला जाणाऱ्यांना तिकीट नाही, उन्हं वर आली की लागतं. राणीच्या बागेत पहाटे फिरणाऱ्यांना महिन्याचा पास. पहाटे साडेपाचला बूट घालून कोण येणार? आजूबाजूचाच माणूस. पत्त्याचा पुरावा न मागता रहिवासी बरोबर सापडतो. विरारहून राणीच्या बागेत सहाला पोचणाऱ्याला तर तो पास बक्षीसच द्यावा.

टिवल्याबावल्या | रविवार, संध्या. ६.२०

+७८६. चहाबाजने बाबांना पहाटे पाचला न्यावं. अनेक बागांत मेमोरियल डे ते लेबर डे (मेअखेर ते सप्टेंबरची सुरुवात) आणि ठरावीक वेळेतच तिकीट असतं, टपरीतली मुलगी नऊला येते.

कोथिंबीरवडी | रविवार, रात्री ८.४५

एवढे तात्त्विक वाद, आणि मराठी मंडळाच्या पिकनिकबद्दल कोणीच बोलेना?

मी तीन वर्षं आमच्या मंडळाच्या उन्हाळी पिकनिकचं बघितलंय. फेब्रुवारीत पहिलं काम म्हणजे जागा. शेल्टर, म्हणजे छप्पर, बाकडी आणि दोन कोळशाच्या शेगड्या. रहिवाशाला एक दर, बाहेरच्याला त्याच्या दुप्पट, शिवाय रहिवाशांचं बुकिंग आधी खुलं होतं. म्हणून सभासदांची यादी काढायची आणि बघायचं, त्या टाउनमध्ये घर कुणाचं आहे. ज्याचं असेल त्याला त्या वर्षी कार्यकारिणीत घ्यायचं! आमचा एक खजिनदार निव्वळ पिन कोडवर निवडून आला होता.

एका वर्षी याचा असा फटका बसला की विचारू नका. नियमात होतं, ज्याच्या नावावर शेल्टर तो पूर्ण वेळ हजर पाहिजे. आमचा रहिवासी मुलाच्या सॉकरला गेलेला. रेंजर आला. ऐंशी माणसं, भट्टीवर कणसं, एका टोपात पाच गॅलन मठ्ठा, आणि परवाना ज्याच्या नावाचा तो चाळीस मैलांवर. रेंजर भला माणूस, त्याने कणीस खाल्लं, पण फरकाची रक्कम भरून घेतलीच. रहिवासी भाऊ आले तेव्हा मठ्ठा संपला होता. तो मुद्दाम संपवला होता असं ते अजून म्हणतात.

अमुकतमुक | रविवार, रात्री ९.०२

पिन कोडवर खजिनदार, हाहा. आमच्या कमिटीत हा प्रकार माहीत होता बरं का. रहिवाशाने हजर राहायचं हे कलम अशाच मंडळांमुळे आलं. सगळी आपलीच नव्हती, त्यात चर्चवालेही होते.

चहाबाज | रविवार, रात्री १०.१०

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

खडीसाखर, तुझा मुद्दा रात्री बाबांना सांगितला. ते चाळीस वर्षं नगरपालिकेत होते. म्हणाले, "फी घ्यावी. हद्दीबाहेरच्या नळजोडणीला आम्हीही दर जास्तच लावायचो. पण दर लावताना मनात काय आहे ते महत्त्वाचं. खर्च भागवायचा आहे की माणूस येऊ नये असं वाटतंय? पंधरा मागितले तर खर्च. पन्नास मागितले तर 'येऊ नका'." मला हे पटलं. त्यामुळे पहिल्या पोस्टमधला 'परका कसा' मागे घेतो, 'पन्नास कशाचे' मागे घेत नाही.

आणि एक कबुली. काल घरी आल्यावर गाडी लावताना स्वतःच्याच काचेकडे लक्ष गेलं. खालच्या कोपऱ्यात आमच्या शहराच्या बागेचा स्टिकर. आमचं शहरही बाहेरच्यांकडून घेतं, आमची बाग तितकी देखणी नाही म्हणून कमी घेतं इतकंच. तीन वर्षं मी त्या फाटकातून हात हलवून आत जातोय, बाजूच्या रांगेत पैसे मोजणाऱ्यांकडे कधी बघितलंही नव्हतं.

आज मग शेरवुड आयलंडला गेलो. ती बाग राज्याची. २०१८ पासून कनेक्टिकटच्या नंबरप्लेटला राज्याच्या बागांत पार्किंग फुकट आहे. म्हणजे खडीसाखरच्या भाषेत फुकट नाही, गाडीच्या नोंदणीतच पैसे कापतात, सुरुवातीला ते वर्षाला ५ डॉलर होते. बाबांनी टपरी दिसताच पाकीट काढलं होतं. तिथल्या पोराने प्लेट बघून नुसता हात हलवला. बाबा खूश, आईने डबा उघडला, पुरी-भाजी झाली.

पुढच्या शनिवारी भाऊ आणि वहिनी न्यू जर्सीतल्या एडिसनहून येतायत.

कलम_चारशेवीस | रविवार, रात्री १०.१४

जर्सीची प्लेट. शनिवारी वीस-बावीस डॉलर तयार ठेवायला सांग.

चहाबाज | रविवार, रात्री १०.१६

माझी सात सीटची आहे. त्यांची गाडी आमच्या ड्राइव्हवेत राहील.

खडूस | रविवार, रात्री १०.१७

बघा. चढला लोकलमध्ये.